आयफेलकरांचं स्थळ

पॅरिसला गेलेल्या मराठी नवऱ्याला आयफेल टॉवर नीट दिसतो तो जमिनीवर आडवं पडल्यावरच. बायकोच्या चिमटीत टॉवरचं टोक नेमकं बसवायचं असेल तर कॅमेरा खाली लागतो, आणि कॅमेरा खाली लागतो म्हणजे नवरा खाली लागतो. प्रस्तुत लेखकाने हा प्रयोग जून महिन्यातल्या एका दुपारी शाँ द मार्सच्या हिरवळीवर केला.

"हात जरा डावीकडे."

"कुणाच्या डावीकडे?"

पहिल्या फोटोत चिमटी टॉवरच्या वीतभर वर राहिली. दुसऱ्यात टॉवर थेट कानातून उगवला. तिसऱ्यात कुणाचा तरी कुत्रा आला आणि खरं सांगायचं तर त्या दिवशीचा तेवढाच फोटो चांगला आला. सतराव्या फोटोत टोक, चिमटी, आकाश सगळं जुळून आलं, फक्त बायकोचे डोळे मिटलेले होते.

हा सगळा प्रकार बाकावर बसून एक सहप्रवासी पाहत होते. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले कार्यकारी अभियंता. सहलीत सगळे त्यांना 'साहेब' म्हणत. साहेबांच्या एका खिशात कुटुंबातल्या पाच जणांचे पासपोर्ट, दुसऱ्यात पाच जणांच्या गोळ्या आणि खांद्यावर सौभाग्यवतींचा स्वेटर. जूनमध्येही. चिमटीचा तो प्रकार त्यांना जिव्हारी लागला होता. "सात हजार तीनशे टन लोखंड आहे हो ते," ते म्हणाले, "चिमटीत कसलं धरताय?" मग त्यांनी टूर मॅनेजरला तीन प्रश्न विचारले. एस्टिमेट किती होतं? काम किती दिवसांत झालं? मुदतवाढ किती वेळा घेतली?

"सर, बस पाच पंचेचाळीसला निघेल," टूर मॅनेजर म्हणाला.

साहेबांच्या प्रश्नांची उत्तरं उपलब्ध आहेत. एस्टिमेट ६५ लाख फ्रँक. त्यातले सरकारने दिले १५ लाख; बाकीचे तुमचे तुम्ही बघा, असं ठेकेदाराला सांगितलं. काम सुरू झालं २८ जानेवारी १८८७ ला आणि संपलं ३१ मार्च १८८९ ला. दोन वर्षं, दोन महिने आणि काही दिवस. मुदतवाढ शून्य. हे ऐकून साहेबांचा चेहरा पडला. पण खर्च शेवटी ७८ लाखांच्या घरात गेला हे कळल्यावर त्यांना पुन्हा हुशारी आली. माणूस आपल्यातलाच निघाला, असा तो आनंद होता.

तर हा माणूस. गुस्ताव आयफेल. ह्याच्या लोखंडाला दरवर्षी लाखो लोक चिमटीत धरतात, पण ह्याचा स्वतःचा फोटो दाखवला तर 'कोण, कुणाचे आजोबा?' असं विचारतात.

मुळात आयफेल हे आडनावही सरळ मार्गाने आलेलं नाही. घराण्याचं खरं आडनाव बोनिकहाउझन. पूर्वज जर्मनीतून पॅरिसला आले, तिथल्या लोकांची जीभ ह्या आडनावावर अडखळायला लागली, तेव्हा त्यांनी आपल्या मुलखातल्या आयफेल नावाच्या डोंगराळ प्रदेशाचं नाव मागे लावून घेतलं. ज्या गावचे आपण, त्या गावाचं नाव लावायचं आणि मोकळं व्हायचं, ही रीत आपल्याला कुणी शिकवायला नको. म्हणजे हे आयफेलकर. पुढे फ्रान्सचं जर्मनीशी युद्ध झालं, जर्मन आडनाव असणं जड जाऊ लागलं, आणि १८८० साली गुस्तावने कायद्याने बोनिकहाउझन काढून टाकलं. फार बरं केलं. नाहीतर सहलीच्या माहितीपत्रकात टॉवरच्या नावालाच दोन ओळी गेल्या असत्या आणि टूर मॅनेजर नुसतं 'तो उंच मनोरा' म्हणून वेळ मारून नेत राहिला असता.

जन्म १५ डिसेंबर १८३२, गाव दिजों. वडील पूर्वी सैन्यात होते, पण घरातलं खरं सैन्य आईच्या हाती होतं. बाईंचा कोळशाचा व्यापार, आणि तो असा दणक्यात चाललेला की लहानग्या गुस्तावला आजीकडे ठेवावं लागलं. काही वर्षांनी बाईंनी धंदा विकून टाकला आणि त्या पैशांवर घर आरामात चाललं. लोखंडाच्या हिशेबात पुढे आयुष्यभर जो मुलगा चुकला नाही, त्याने हिशेब कुठे पाहिला असेल हे वेगळं सांगायला नको. चरित्रांतून मात्र बाई दोन परिच्छेदांत आटोपतात.

मुलगा परीक्षेत नापास झाला. एकोल पॉलिटेक्निक ही तिथली सर्वांत मानाची संस्था. तिथे त्याची निवड झाली नाही. मग 'दुसऱ्या फेरीत मिळालं' म्हणतात तसा तो एकोल सांत्राल ह्या कॉलेजात गेला. तिथे शाखा कुठली घेतली? स्थापत्य नाही, यंत्र नाही. रसायन. कारण नात्यातल्या एका काकांचा दिजोंजवळ व्हिनेगरचा कारखाना होता आणि पोरगा शिकून तो सांभाळेल असं घरात ठरून गेलं होतं. गुस्तावने इमानेइतबारे रसायनाची पदवी घेतली. इतक्यात काकांचं आणि घरच्यांचं भांडण झालं. इस्टेटीवरून नव्हे, राजकारणावरून. येणं-जाणं बंद, व्हिनेगर बंद.

जेवणाच्या टेबलावर राजकारण काढू नये असं घरोघरच्या आया सांगतात ते ठीक आहे. पण त्या दिवशी ते निघालं नसतं तर हा गृहस्थ दिजोंमध्ये बरण्या भरत बसला असता आणि साहेबांची सहल पॅरिसला दुसरंच काहीतरी बघून परतली असती.

हाताशी पदवी रसायनाची आणि नोकरी मिळाली लोखंडी पुलांची. सव्विसाव्या वर्षी बोर्दोला गारोन नदीवर पाचशे मीटर लांबीच्या पुलाचं काम त्याच्या अंगावर पडलं. नदीच्या तळाशी पाये घालायला दाबलेली हवा वापरायची, हे तंत्र तेव्हा नवं. तिथे एक मजूर पाण्यात पडला तेव्हा आयफेल स्वतः कपड्यांनिशी उडी मारून त्याला घेऊन आले, असं सांगतात. आपल्या साहेबांना हा प्रसंग सांगितल्यावर ते गंभीर झाले. "मी कालव्यात उतरलो होतो एकदा," ते म्हणाले, "पण ते चप्पल वाहून गेली म्हणून."

पूल झाला. नाव झालं. वय झालं. आता लग्न.

इथे आयफेलची गाठ अशा एका संरचनेशी पडली की तिचं गणित त्याला काही केल्या सुटेना. बोर्दोच्या एका धनाढ्य घरातली आद्रिएन त्याला आवडली. तिच्या घरच्यांना आयफेलचे पूल आवडले असावेत, पण जावई म्हणून काही पसंत पडला नाही. पुढेही काही स्थळं पाहिली, तिकडूनही नकार. इंजिनिअर, पगार चांगला, निर्व्यसनी, पण घराणं बेताचं आणि सदा गावोगाव साइटवर. आपल्याकडच्या वधूपित्यांनाही हे कारण पटेल. बदलीची नोकरी म्हटली की मुलीची आई अजूनही चहाचा कप खाली ठेवते.

२०२१ साली फ्रान्समध्ये आयफेलवर एक चित्रपट निघाला. त्यात ह्या आद्रिएनच्या प्रेमापायीच टॉवर उभा राहिला असं सुचवलं आहे. पडद्यावर नायक पावसात भिजतो, विरहात चित्रं काढतो. खऱ्या आयफेलने विरहात काय केलं? आईला पत्र लिहिलं. त्यातल्या अपेक्षा साधारण अशा: हुंडा बेताचा चालेल, रूप बेताचं चालेल, स्वभाव मात्र चांगला हवा, डोकं शांत हवं, आवडीनिवडी साध्या हव्यात, फार त्रास न देता घर नीट सांभाळणारी आणि धडधाकट मुलंबाळं देणारी असली की झालं. हे पत्र वाचताना थेट टेंडरची आठवण येते. मालाचा दर्जा मध्यम चालेल, टिकाऊपणाला प्राधान्य, देखभालीचा खर्च कमीत कमी.

"ह्यात चूक काय आहे?" साहेबांनी विचारलं.

सौभाग्यवतींनी त्यांच्याकडे पाहिलं. साहेबांनी विषय बदलून स्वेटर पुढे केला.

आईने कामाला हात घातला आणि निविदा झटपट मंजूर झाली. मुलगी दिजोंचीच, घरच्यांच्या माहितीतली, मारी गोदले, वय सतरा. नवरा एकोणतिसाचा. १८६२ च्या जुलैत लग्न लागलं. आणि एवढ्या कोरड्या पत्रातून जमलेला हा संसार, भल्याभल्या प्रेमविवाहांना लाजवील असा झाला. दहा-अकरा वर्षांत पाच मुलं: क्लेर, लोर, एदुआर, व्हॅलांतीन, आल्बेर. पॅरिसला लागून लव्हाल्वा-पेरे इथे स्वतःचा कारखाना. पूल, स्थानकं, पुन्हा पूल.

१८७७ च्या सप्टेंबरात मारी वारली. वय बत्तीस. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात पोर्तुगालमध्ये दूरो नदीवरच्या त्याच्या भव्य कमानीचं उद्घाटन झालं. पुलाला तिथल्या राणीचं नाव, मारिया पिया. घरातली मारी दोन महिन्यांपूर्वी गेलेली. पंचेचाळिशीसुद्धा न गाठलेल्या, पैसा-नाव दोन्ही असलेल्या विधुराला आता स्थळांची काय कमतरता होती? त्याने पुन्हा लग्न केलं नाही. आईला तसलं दुसरं पत्रही लिहिलं नाही.

घराची किल्ली गेली थोरल्या क्लेरकडे, ती तेव्हा चौदा वर्षांची. ती बापाचं घर बघू लागली ते शेवटपर्यंत. पुढे तिचं लग्न झालं आदोल्फ साल ह्या इंजिनिअरशी, तर जोडपं राहायला आलं सासऱ्याच्याच घरी. फ्रेंच भाषेत ह्याला काहीतरी झकास शब्द असेल, आपल्याकडे घरजावई म्हणतात आणि आवाज खाली आणतात. पण हा जावई सासऱ्याच्या धंद्यात उजवा हात ठरला. सासऱ्यानेही त्याची परतफेड थाटात केली. जिनिव्हा सरोवराकाठी व्हव्हे गावात बंगला घेतला, त्याचं नाव व्हिला क्लेर. भूमध्य समुद्रावर बोल्यूला घेतला, तो व्हिला साल. लेकीच्या नावाने बंगले आपल्याकडेही दिसतात. जावयाच्या नावाची पाटी लावणारा सासरा शोधून दाखवावा.

आता टॉवर. ही कल्पना आयफेलची नव्हती, हे ऐकलं की मंडळी फसवणूक झाल्यासारखा चेहरा करतात. १८८४ च्या जूनमध्ये त्याच्या कार्यालयातल्या मॉरिस केशलँ आणि एमिल नुगिए ह्या दोन इंजिनिअरांनी चार पाय वर जाऊन एक होणाऱ्या मनोऱ्याचं चित्र काढलं. आयफेलसाहेबांनी ते पाहिलं आणि फारसा रस दाखवला नाही. मग सोव्हेस्त्र ह्या वास्तुविशारदाने खाली कमानी घातल्या, थोडी नक्षी केली. आता साहेबांना कल्पना एकदम पटली. इतकी पटली की सप्टेंबरात पेटंट निघालं त्यात साहेबांचं नाव होतं, आणि पुढे त्या दोघांचे हक्कही त्यांनी विकत घेतले.

"हे सगळीकडे असंच असतं," साहेब म्हणाले. नोकरीच्या पहिल्या निम्म्या काळात ते केशलँ होते आणि उरलेल्या काळात आयफेल, हे त्यांच्या सुरावरून कळत होतं.

पण श्रेय घेतलं तसा मारही त्यानेच खाल्ला. फेब्रुवारी १८८७ मध्ये, पाये खणायला घेतात न घेतात तोच, चित्रकार, लेखक, संगीतकार अशा बड्या नामवंतांचं एक खरमरीत पत्रक 'ल तां' ह्या दैनिकात झळकलं. पॅरिसच्या सौंदर्याचा सत्यानाश होणार म्हणून. सह्या मोपासां, गूनो, धाकटे द्युमा, शिवाय तिथलं ऑपेरागृह बांधणारे गार्निए. दुसरीकडे टॉवरशेजारी राहणाऱ्या एकाने खटला भरला, की हे लोखंड माझ्या घरावर पडेल. काम अडलं. शेवटी काही नुकसान झालं तर ते मी खिशातून भरून देईन, असं आयफेलने लिहून दिलं तेव्हा गाडं पुढे सरकलं. गृहनिर्माण सोसायटीत वरच्या मजल्यावर साधी पाण्याची टाकी बसवू पाहणाऱ्या कुणालाही ह्या माणसाविषयी जिव्हाळा वाटेल.

३१ मार्च १८८९. उद्घाटन. लिफ्ट तयार नाही. हेही आपल्या ओळखीचं. पायऱ्या १,७१०. पुण्यातल्या पर्वतीच्या पायऱ्या शंभराच्या थोड्या वर, म्हणजे एका दमात सोळा-सतरा पर्वत्या. छप्पन्न वर्षांचे आयफेल पुढे, मागे मान्यवर. वाटेत ते थांबून थांबून प्रत्येक तपशील समजावून सांगत होते, आणि ह्या थांबण्याबद्दल मान्यवर मनापासून ऋणी असणार. पंतप्रधान तिरार पहिल्या मजल्यावर पोचले आणि तिथूनच त्यांना सगळं छान दिसू लागलं. वरच्या टोकाला मोजकीच मंडळी गेली. आयफेलने तिथे झेंडा फडकवला, तोफा झाल्या. पुढे लिफ्ट सुरू होईपर्यंत जवळजवळ तीस हजार लोक पायी चढून गेले, तेही पैसे देऊन. टोकापर्यंतचं तिकीट पाच फ्रँक.

टोकाला आयफेलने स्वतःसाठी एक छोटीशी जागा ठेवली होती. कोच, टेबल, पियानो. एक रात्र तिथे राहायला द्या म्हणून लोक वाटेल तो पैसा द्यायला तयार होते; त्याने कुणालाही दिली नाही. पाहुणे मात्र यायचे. एडिसन येऊन गेले आणि येताना आपला फोनोग्राफ घेऊन आले. पत्रकावर सही ठोकणारे गूनोही ह्या पाहुणचाराला येऊन गेले. वर गेलं की टॉवर दिसत नाही, ही त्यातली सोय.

सुख इतकं एकदम आलं की काहीतरी होणारच होतं. पनामा कालव्याच्या कामात जलद्वारं बांधायचा ठेका आयफेलकडे होता. कालव्याची कंपनी बुडाली, हजारो लोकांची बचत गेली, आणि १८९३ च्या फेब्रुवारीत आयफेललाही दोन वर्षं तुरुंग आणि २० हजार फ्रँक दंड झाला. काही दिवस आत काढलेही. पुढे वरच्या न्यायालयाने खटल्याची मुदत उलटली म्हणून शिक्षा रद्द केली. पण त्याने कंपनीतून अंग काढून घेतलं, कंपनीच्या पाटीवरून आयफेल हे नाव उतरलं. टॉवरवरून उतरवायचं म्हटलं तर पाटीच नव्हती.

साठीचा माणूस, निवृत्त, बदनाम, हातात भरपूर वेळ. अशा वेळी माणसं काय करतात हे आपण घरोघर पाहतो. आयफेलने तेच केलं, फक्त मोठ्या प्रमाणावर. हवामानाच्या नोंदी. जिथे जिथे घर, तिथे तिथे तापमापक आणि पर्जन्यमापक. आपल्याकडचे आजोबा गॅलरीत थर्मामीटर टांगून 'काल ह्या वेळेला एकोणतीस होतं' म्हणतात, तसं. फक्त हे आजोबा त्याचे नकाशासंग्रह छापून काढायचे. मग टॉवरच्या दुसऱ्या मजल्यावरून वस्तू खाली सोडून हवेचा अडथळा मोजायचं सुरू झालं. वरून काही टाकू नये हा नियम त्यांना कोण सांगणार? मग टॉवरच्या पायथ्याशी वातबोगदा, म्हणजे पंख्याने वारा सोडून वस्तूंवरचा जोर मोजायचा बोगदा, १९०९ मध्ये; आवाजाची तक्रार आल्यावर १९१२ ला पॅरिसच्याच ओतेय भागात नवा. विमानं नुकती उडू लागली होती, त्यांच्या पंखांच्या चाचण्या ऐंशीचे आजोबा घेत होते. १९१३ साली अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेने त्यांना लँग्ली पदक दिलं.

ह्या उद्योगामागे एक घरगुती चिंताही होती. टॉवरची परवानगी वीस वर्षांची, १९०९ अखेरपर्यंत. नंतर पाडायचा. लेकरू वाचवायचं तर त्याला नोकरीला लावणं भाग होतं. म्हाताऱ्याने सैन्याच्या बिनतारी विभागाला सांगितलं, वर अँटेना लावा, खर्च माझा. सैन्याने लावली. १९१० पासून टॉवरला सत्तर वर्षांची मुदतवाढ मिळाली.

"म्हणजे घेतली एकदा मुदतवाढ," साहेब समाधानाने म्हणाले.

दर १५ डिसेंबरला वाढदिवसाला सगळा गोतावळा जमायचा. अखेरच्या वर्षांत आजोबांनी आपल्या कामांचं आणि घराण्याचं चरित्र टंकलिखित करून मुलाबाळांसाठी प्रती काढल्या. त्यांची कुणी किती पानं वाचली, ह्याची नोंद नाही. आजोबांच्या आत्मचरित्राच्या प्रती ज्यांच्या माळ्यावर आहेत त्यांनी अंदाज करावा. २७ डिसेंबर १९२३ रोजी, एक्क्याण्णवावा वाढदिवस होऊन बारा दिवसांनी, पॅरिसच्या घरी ते गेले. लव्हाल्वा-पेरेला कुटुंबाच्या कबरीत आहेत.

पाच चाळीस झाले होते. साहेबांना अचानक आठवलं की टॉवरच्या उत्तरेकडच्या पायापाशी आयफेलचा सोनेरी अर्धपुतळा आहे, बूर्देल ह्या शिल्पकाराने केलेला, १९२९ सालचा. सगळं कुटुंब घाईघाईने तिकडे निघालं. पुतळ्याच्या चौथऱ्याला टेकून एक मुलगा बुटाची नाडी बांधत होता. साहेबांनी त्याला बाजूला केलं, शर्ट खोचला, पासपोर्टांचा फुगवटा आत दाबला आणि ताठ उभे राहिले.

"हे कोण?" सौभाग्यवतींनी मोबाइल वर धरत विचारलं.

"ह्यांनीच बांधला."

"बरं. मग तुम्ही दोघं जरा सरका ना. मागचा टॉवर येत नाहीये."

साहेब सरकले. आयफेल सरकू शकत नव्हते. सौभाग्यवतींनी मग स्वतःच दोन पावलं बाजूला होऊन फोटो काढला. तो सहलीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अजून आहे. त्यात साहेब आहेत, स्वेटर आहे आणि टॉवरचा एक पाय आला आहे.